गयाबाईंची डुकरं

गयाबाईंनी पहिल्या भेटीत मला पाऊण तास फाटकाबाहेर उभं केलं होतं.

मिरजगावपासून बरंच आत असलेल्या एका गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी नुकतीच रुजू झाले होते. नोकरीचा तिसरा आठवडा. डुकरांना लस टोचायला या, म्हणून त्यांनीच फोन केला होता, आणि मी पोचल्यावर त्यांनीच फाटकाची कडी आतून लावून घेतली. तारेपलीकडून विचारलं, "हितं यायच्या आधी कुठं गेल्ता तुमी?"

"बाजारात. दोन शेळ्या तपासल्या."

"डुकरं?"

"नाही."

"काल?"

काल मी कर्जतच्या अलीकडं एका वस्तीवर डुक्कर बघायला गेले होते. तसं सांगितलं. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "चपला ह्याच हुत्या?"

त्याच होत्या. मग तारेखालून बादली आली, साबण आला. गुडघ्यापर्यंत पाय, कोपरापर्यंत हात. चपला बाहेर बाभळीखाली ठेवायच्या. अंगावर त्यांच्याकडचा धुतलेला शर्ट चढवायचा. पायात त्यांचे गमबूट, जे मला दोन बोटं मोठे होते. माझ्या पिशवीतून फक्त लसीचा डबा आणि सुया आत गेल्या, त्यासुद्धा पुसून. मी पदवी घेऊन आलेली डॉक्टर, आणि ही बाई मला पाय धुवायला लावते, हे माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार. कडी काढता काढता त्या म्हणाल्या, "रागावू नका. तुमी डॉक्टर हाय म्हनून जास्त इचारते. डॉक्टर समद्या आजाऱ्यांच्या घरी जातो."

त्या वेळी त्या पन्नाशीच्या आसपास असाव्यात. उंच, वाळकी चण, साडीवर मुलाचा जुना फुल शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. चौदा हंगाम त्यांनी ऊस तोडला होता. नवरा त्या तोडीतच गेला. डाव्या हाताचं एक बोट कोयत्यानं अर्धं नेलेलं. त्या अर्ध्या बोटानं त्या जनावराच्या कानामागं दाबून बघत. ताप तिथं पहिल्यांदा कळतो म्हणत.

गावात त्यांना "डुकराची गया" म्हणायचे. शेतजमीन असलेल्या घरातल्या बाईनं डुकरं पाळायची, हे कुणाच्याच पचनी पडलं नव्हतं. सख्ख्या भावानं त्यांच्याकडं पाणी प्यायचं सोडलं. त्याबद्दल एकदा मी काही सहानुभूतीचं बोलायला गेले, तर म्हणाल्या, "बरंच झालं की. बाहेरची पावलं कमी झाली."

कल्पना मुलाची होती. मच्छिंद्रनं शेतीचा डिप्लोमा केला होता. पुण्यात सेंद्रिय मांस विकणाऱ्या एका दुकानाशी त्यानं ठरवून घेतलं होतं. अट अशी, की जनावर मोकळ्या रानात वाढलेलं हवं, खाणं बिनरासायनिक हवं, आणि लस सोडली तर औषधाची सुई त्याला सहजासहजी लागता कामा नये. त्यासाठी वर्षातून एकदा तपासणीचा माणूस येई आणि सर्टिफिकेट देई. पण कल्पना मच्छिंद्रची असली तरी विद्या ओढ्यापलीकडच्या भिमाआजीची होती. तिच्या घरातले पिढ्यान्‌पिढ्या डुकरं राखत आलेले. तिचा मुलगा हणमंत आणि सून तेच करायचे, वीस-बावीस डुकरं मोकळी सोडून. गयाबाईंनी पहिलं वर्षभर रोज ओढा ओलांडून त्या म्हातारीजवळ बसून शिकून घेतलं. मादी पिल्लाला अंगाखाली कधी चिरडते, कुठली घाण पातळ म्हणायची, कुठली नुसती ओली. "आमची शाळा तिथं झाली," त्या सांगायच्या. हे त्या गावातही सांगायच्या, आणि गावाला तेही आवडायचं नाही.

औषधं वापरायची नाहीत म्हटल्यावर हातात उरतं ते फक्त बघणं. गयाबाईंसारखं बघणं मी पुढं कुठंच पाहिलं नाही. सकाळी खाणं घालायच्या आधी त्या कुंपणाला टेकून अर्धा-पाऊण तास नुसत्या उभ्या राहायच्या. सहा कप्पे होते, उसाच्या पाचटाचं जाड अंथरूण घातलेले, आणि प्रत्येकाला मागं मोकळं रान. दर तीन आठवड्यांनी डुकरं एका रानातून दुसऱ्यात जायची, म्हणजे जंतांचं चक्र तुटायचं. मी एकदा त्यांच्याशेजारी उभी राहून बोलायला लागले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. नंतर म्हणाल्या, "डुक्कर लई बोलकं जनावर. आजारी पडायच्या आधी गप हुतं. एवढ्या कालव्यात एक कोन गप हाय, ते ऐकायचं अस्तंय."

शेडच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. प्रत्येक जनावरासाठी रोज एक रेघ. सगळं खाल्लं तर उभी, टाकलं तर आडवी, खोकला आला तर रेघेला टिंब. मच्छिंद्रनं मोबाईलमध्ये नोंदी ठेवायला शिकवलं होतं. त्या मान डोलवायच्या आणि कोळसा उचलायच्या. तपासणीला आलेल्या माणसानं पहिल्या वर्षी त्या भिंतीचा फोटो काढून नेला. हसतच काढला होता. पण कुठल्या मादीनं कधी खाणं टाकलं, हे त्यानं विचारलं तेव्हा मच्छिंद्र मोबाईल चाळत राहिला आणि गयाबाईंनी भिंतीवर बोट ठेवलं.

सर्टिफिकेटवरून मायलेकांचं एकदा चांगलंच वाजलं. थंडीत तीन महिन्यांची आठ पिल्लं खोकायला लागली. दोन दिवस हळद, अडुळसा, कोरडं पाचट, वाऱ्याला आडोसा, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू पोटानं श्वास घ्यायला लागलं. मी तपासून सांगितलं, छातीत भरलंय, अँटिबायोटिक द्यावं लागेल. मच्छिंद्र म्हणाला, "मॅडम, अजून एक दिवस थांबू. सुई दिली की ते सेंद्रिय राहत नाही."

गयाबाई पिल्लाजवळ उकिडव्या बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डॉक्टर, भरा सुई."

"आई, पुण्याला काय सांगू?"

"खरं सांग. ह्याला सुई दिली म्हनून सांग. ह्याच्या पाठीवर निळा रंग लाव आन्‌ मिरजगावच्या बाजारात सादं म्हनून इक." मग त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "कागद भिताडावर ऱ्हातो. हे जित्तं हाय. औषिद द्यायचं न्हाई म्हंजी मरू द्यायचं, आसं कुठं लिवलंय का तुझ्या कागदावर?"

तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. उलट, नियमातच होतं की जनावराचे हाल होत असतील तर औषध द्यावं आणि त्याची नोंद ठेवावी. ते पिल्लू वाचलं, आणि निळी पाठ घेऊन वेगळ्या कप्प्यात वाढलं. तेव्हापासून मी त्या फाटकावर पाय धुताना कुरकुर केली नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर हायवेवर एक मोठं हॉटेल निघालं. ताटातलं उरलेलं अन्न फेकायचा त्यांना त्रास होता. एक दिवस त्यांचा माणूस छोट्या टेम्पोत दोन पिंपं घालून फाटकावर आला. फुकट देतो म्हणाला. भात, रोट्या, रस्सा, हाडं, सगळं एकत्र. मी त्या दिवशी तिथंच होते. मच्छिंद्र खाण्याचा खर्च डोक्यात घेऊन उभा होता. गयाबाईंनी पिंपाचं झाकण उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं.

"ह्यात डुकराचं मटन आसतंय का?"

तो माणूस म्हणाला, "कधीमधी. बाहेरून येतं, फ्रीजमधलं."

"बाहेरून म्हंजी कुठून?"

त्याला ते माहीत नव्हतं.

"मंग मलाबी न्हाई म्हाईत," त्या म्हणाल्या. "घेऊन जा."

टेम्पो वळला आणि ओढ्याच्या वाटेनं हणमंतच्या वस्तीकडं गेला. गयाबाई तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. त्याच दुपारी मला घेऊन त्या ओढ्याच्या अलीकडच्या काठावर गेल्या आणि हणमंतला हाक मारून बोलावलं. मी त्याला समजावलं, की बाहेरच्या राज्यांत डुकरांचा एक ताप आलाय, त्याला आफ्रिकन स्वाइन फिवर म्हणतात, माणसाला तो होत नाही, पण डुकराला झाला तर लस नाही आणि औषधही नाही. डुकराच्या शिळ्या मटणातूनसुद्धा तो येतो. अन्न घ्यायचंच असेल तर अर्धा तास खळाखळा उकळून घाल. हणमंत चांगला माणूस. मान हलवून म्हणाला, "उकळतो." महिनाभर त्यानं उकळलंही. नंतर बाभळीचं जळण संपलं. रोज दोन पिंपं उकळायची म्हणजे किती लाकूड लागतं, हे मी त्याला सांगताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मे महिन्यात पहिली बातमी आली ती बाजारातून. कुणाची तरी चार डुकरं एकाच आठवड्यात गेली. लोक म्हणाले, ऊन. त्या वर्षी ऊनही तसंच होतं. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला, पुलाखाली, पोत्यात भरून टाकलेलं एक मेलेलं डुक्कर सापडलं. कुणाचं, ते कळलं नाही. मी नमुना घ्यायला पोचले तोवर कुत्र्यांनी पोतं फाडलं होतं आणि घेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. गयाबाईंनी त्याच दिवशी फाटकाला साखळी लावली. पुण्याची गाडी आत येणं बंद झालं. मच्छिंद्रनं गावात जाणं बंद केलं. बाहेरचं पाचट आणणं बंद केलं, कारण त्यावर कोण झोपलं होतं हे माहीत नाही. कावळे खाली उतरू नयेत म्हणून त्यांनी कप्प्यांवर जुन्या मासेमारीच्या जाळ्या ताणल्या. मला त्या फोनवर रोज तेच विचारायच्या: "कुठं ऐकलं का आनखी?"

मी तालुक्याला फोन करून विचारायचे आणि त्यांना सांगायचे. कधी होतं सांगण्यासारखं, कधी नव्हतं. काहीच नसलेले दिवस त्यांना जास्त अवघड जायचे.

मग हणमंतची डुकरं कमी दिसायला लागली. ओढ्याच्या पलीकडं ती दिवसभर उकिरड्यावर, बाभळींत हिंडायची. गयाबाई अलीकडून मोजायच्या. अठरा, मग पंधरा. त्यांनी हाक मारून विचारलं, तर हणमंत म्हणाला, "इकली." कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी साडेसहाला मला फोन आला. गयाबाईंचा आवाज अगदी सरळ होता. "डॉक्टर, तिसऱ्या कप्प्यातली मोठी मादी गप हाय. थर्मामीटर लावला. एकशे सहाच्या वर जातोय. कानाची टोकं जांभळी दिसत्यात. तुमी या, पर आज तुमच्या घरचे कपडे घालून येऊ नका. जाळायला लागतील."

मी अंगरखा, हातमोजे घेऊन गेले. त्या फाटकाशी उभ्या होत्या, पण या वेळी बादली नव्हती. मला बाहेरून काही आणू नका म्हणायची वेळ निघून गेली होती. आता आतलं बाहेर न्यायचं नव्हतं. मादी पाचटात कुशीवर पडली होती. पोटावर लाल चट्टे. पिल्लं आचळांना तोंड लावून होती आणि ती त्यांना दूरही करत नव्हती. मी रक्ताचे नमुने घेतले, दोन डबे सीलबंद केले. मी म्हणाले, "अहवाल यायला चार-पाच दिवस लागतील. दुसरंही काही असू शकतं."

"तुमाला काय वाटतंय?"

मी डब्यांची सीलं पुन्हा तपासायला लागले. त्यांनी मान हलवली.

मच्छिंद्र शेडच्या दुसऱ्या टोकाला फोनवर बोलत होता. फोन ठेवून तो आईजवळ आला. एका व्यापाऱ्याचा फोन होता. दुपारपर्यंत गाडी पाठवतो, जी उभी आहेत ती सगळी घेतो म्हणत होता. "आई, चाळीस जनावरं हायेत. एक पडलीय. बाकीची खातायत अजून. अहवाल आल्यावर एकबी आपलं ऱ्हानार न्हाई. मॅडम, तुम्हीच सांगा, अजून काही कळलेलं नाही ना आपल्याला?"

तो माझ्याकडं बघत होता. माझं कर्तव्य मला पाठ होतं: संशय आला तरी वरती कळवायचं आणि जनावरांची हालचाल थांबवायची. पण बोलायला तोंड उघडायच्या आधीच गयाबाई उठल्या, फाटकापर्यंत गेल्या, साखळीचं कुलूप बंद करून किल्ली कमरेला खोचली.

"ही गाडीत चढली तर कुठं उतरतील?" त्या मच्छिंद्रला म्हणाल्या. "जिथं उतरतील तिथं कुनाच्या तरी दारात माज्यासारकी बाई उभी आसंल."

मच्छिंद्र पाचटावर खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून बसून राहिला.

मग त्या मला म्हणाल्या, "तुमी कळवा. पर एक सांगा. माजी मारली की बास, का आनखी?"

मी खरं सांगितलं. अहवाल तसा आला तर एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात. आजारी असोत, नसोत.

त्यांनी ओढ्याकडं बघितलं. हणमंतची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर होती.

नगरच्या जिल्हा कार्यालयाला फोन मी फाटकातूनच केला. अकरा वाजेपर्यंत बातमी वस्तीवर पोचली होती. हणमंत ओढ्याच्या पलीकडच्या काठावर आला. पाणी नव्हतंच, कोरडी वाळू. तो खाली उतरायला लागला, तशी गयाबाईंनी त्याला तिथंच थांबवलं.

"गयाताई," तो म्हणाला, "आमची आता चांगली हायेत. जी जायची ती गेली. तू सांग, तुजी उन्हानं पडली म्हनून."

"किती गेली तुजी?"

तो वाळूकडं बघत म्हणाला, "आठ."

"पुरली?"

"काई पुरली. काई..." त्यानं पुलाच्या दिशेनं हात केला आणि खाली घेतला.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू सांगितलं आस्तंस सरकारी मानसांस्नी."

"व्हय," गयाबाई म्हणाल्या. "सांगितलं आस्तं."

मागं, झोपडीच्या दारात भिमाआजी बसलेली दिसत होती. हणमंत परत फिरला.

पाचव्या दिवशी भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला. तोवर मोठी मादी आणि आणखी सहा जनावरं गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पथक आलं, पांढऱ्या अंगरख्यातली दहा माणसं, जेसीबी, चुन्याची पोती. मी त्या पथकात होते. रानाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. पथकप्रमुख दोऱ्या, जाळ्या घेऊन कप्प्यांकडं निघाले. गयाबाईंनी त्यांना अडवलं.

"दोऱ्या नकोत साहेब. वरडत्यात, एकमेकाला तुडवत्यात. माज्यामागं येतील ती."

त्यांनी ताकात कोंडा कालवला. बादली हातात घेतली आणि पहिल्या कप्प्याचं दार उघडलं. जी उभी राहू शकत होती ती सगळी शेपट्या हलवत त्यांच्यामागं चालत आली. खड्ड्याच्या अलीकडं पाचट पसरून ठेवलं होतं. तिथं त्या बादली खाली ठेवायच्या, डुक्कर तोंड घालायचं, आणि आमच्यातला एक जण मानेत सुई द्यायचा. आधी गुंगीची, मग दुसरी. प्रत्येक जनावर खाली बसेपर्यंत गयाबाई त्याच्या कानामागं अर्धं बोट ठेवून असायच्या. मग उठून पुढच्याला आणायला जायच्या. सकाळी नवापासून दुपारी दीडपर्यंत हे चाललं. एकही जनावर ओरडलं नाही. मी पुढं अनेक ठिकाणी हे काम केलं आहे. इतकं शांत कुठंच झालं नाही, आणि इतकं वाईटही.

हणमंतकडं तसं काहीच नव्हतं. त्याची डुकरं मोकळी, माणसाला न रुळलेली. पथकानं ती बाभळींत, उकिरड्यावर, लोकांच्या शेतात पळवून पळवून पकडली. तो कालवा ओढ्याच्या अलीकडं स्पष्ट ऐकू येत होता. गयाबाई फाटकाबाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि शेवटचा आवाज थांबेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. भिमाआजी दारातच बसून होती. तिनं एकदा मान वर करून अलीकडं बघितलं. दोघींमध्ये शंभर पावलं असतील. नंतर म्हातारी भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

नुकसानभरपाईचे कागद झाले. सगळं शेड धुतलं, चुना मारला, पाचट जाळलं. कोळशाची भिंतही त्यात पांढरी झाली. मी आठवड्यातून एकदा जायचे. अशाच एका दुपारी रिकाम्या कप्प्याच्या दगडावर बसून त्यांनी मला ते सांगितलं.

"डॉक्टर, आजार कसा आला, तुमाला कळलं का?"

मी म्हणाले, कावळे असतील, कुत्री असतील, ओढ्यातलं ते पोतं असेल.

"न्हाई. मी आनला."

मे महिन्याच्या शेवटी भिमाआजीला ताप भरला होता. हणमंत आणि सून बाजाराला गेलेले. म्हातारीनं पलीकडून हाक मारली, पाणी मागितलं. गयाबाईंनी तांब्या आणि भाकरी घेतली आणि ओढा ओलांडला. म्हातारीला उठवून पाणी पाजलं, तिचं अंथरूण झाडलं. परत आल्यावर पाय धुतले. "धुतले, पर चपला तशाच आत घालून आले. दुसऱ्या चपला फाटकाशीच हुत्या. ध्यानात न्हाई आलं. म्हातारी मरती का काय, हेच डोक्यात. त्या चपलांनी तिसऱ्या कप्प्यात गेले. तितनं नवव्या दिशी मादी गप झाली."

"तसंच झालं असेल असं नाही, गयाबाई."

"समद्यास्नी इचारायची ना मी, कुठनं आला म्हनून. मला कोन इचारनार हुतं?"

मी पुस्तकातलं काहीतरी बोलले. कुठल्याही एका कारणावर बोट ठेवता येत नाही, असं काहीसं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तिला हे सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगू? तुला पानी पाजलं म्हनून माजी मेली, आन्‌ माजी मेली म्हनून तुजी मारली? म्हातारीला हे आईकवायचं?"

ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. हणमंत आणि सून दसऱ्यानंतर वीटभट्टीवर गेले. म्हातारी एकटी राहिली. गयाबाई रोज सकाळी भाकरी बांधून ओढ्याच्या अलीकडच्या दगडावर ठेवायच्या. पहिले काही दिवस ती कुत्र्यांनी नेली. पुढं कुणी नेली, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नियमाप्रमाणे काही महिने शेड रिकामं ठेवलं. मग लांबून, आजार नसलेल्या भागातून, चार पिल्लं आणून सोडायची असतात. सगळ्या कप्प्यांतून, सगळ्या रानातून त्यांना फिरवायचं आणि सहा आठवडे बघत राहायचं. जमिनीत काही उरलं असेल तर ती मरतात. मेली नाहीत तर पुढं पाळायला हरकत नाही. गयाबाईंना हे समजावताना मला अवघड गेलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी ती मरत्यात का, तेच बघायचं." आणि बघत राहिल्या. दिवसातून तीनदा ताप, रोज घाण तपासायची, रोज कुंपणाला टेकून पाऊण तास. चौथ्या आठवड्यात एका पिल्लानं खाणं टाकलं, तेव्हा त्यांनी मला फोन केला नाही, मच्छिंद्रनं केला. मी पोचले तर त्या पिल्लाशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, हाताच्या अंतरावर, त्याला हात न लावता. नुसता अजीर्णाचा प्रकार निघाला. संध्याकाळी ते खायला लागलं. त्या मात्र मी निघेपर्यंत तिथून उठल्या नव्हत्या.

सहा आठवड्यांनी रक्त पाठवलं. अहवाल स्वच्छ आला. त्याच सुमारास माझी संगमनेरकडं बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. फाटकाला कुलूप होतं. मच्छिंद्र आतून म्हणाला, "आई ओढ्याकडं गेलीय, मॅडम. अहवालानंतर नवी आणली त्यातली दोन पिल्लं घेऊन. आजीला द्यायला."

मी ओढ्याच्या कडेच्या रस्त्यावरून गाडी घेतली. गयाबाई उतारावरून खाली चालल्या होत्या, डोक्यावर टोपली, टोपलीवर ओलं फडकं बांधलेलं. वाळूच्या मध्यावर त्या थांबल्या. टोपली खाली ठेवली, फडकं सोडलं. पिल्लांच्या ओरडण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मग त्या मागं मागं सरकत अलीकडच्या काठावर आल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या, आपण बघितलं तर म्हातारी येणार नाही असं वाटल्यासारख्या.

पलीकडं झोपडीचं दार उघडं होतं. कुणीतरी दारात आलं. मला लांबून लुगड्याचा रंगच दिसला. ते तिथं उभं राहिलं. खाली उतरलं नाही, आतही गेलं नाही.

मी दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी केली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला आणि हॉर्न देऊन वाट मागायला लागला, तेव्हा मला निघावं लागलं. आरशात मला सगळीच दिसत होती. पाठमोऱ्या गयाबाई, दारातली म्हातारी, आणि मध्ये वाळूत टोपलीतून बाहेर पडलेली दोन पिल्लं, कुणाकडं जायचं ते न कळून एकाच जागी गोल फिरणारी.